मंगळावरचे कालवे कुणी खणले?

पॅरिसमध्ये १९०० साली एक बक्षीस जाहीर झालं. रक्कम एक लाख फ्रँक! क्लारा गुझमान नावाच्या श्रीमंत बाईंनी आपल्या मृत्युपत्रात ही रक्कम ठेवली होती आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं ती द्यायची होती. कुणाला? तर दुसऱ्या एखाद्या ग्रहावरच्या किंवा ताऱ्यावरच्या लोकांशी जो पहिल्यांदा संपर्क साधेल आणि तिकडून उत्तर मिळवेल, त्याला. अट फक्त एक होती. मंगळ सोडून! मंगळावरच्या लोकांशी बोलून दाखवलंत तर एक दमडीही मिळणार नव्हती. का? तर ते फारच सोपं काम आहे, असं बाईंना वाटत होतं.

हसू नका हं. बाईंचं डोकं फिरलेलं नव्हतं. मंगळावर कुणीतरी राहतंय असं त्या काळी पुष्कळांना वाटायचं, आणि त्यांत शास्त्रज्ञही होते. त्यांच्याकडे मंगळाचे नकाशे होते. नकाशांत कालवे होते, एकदम सरळ, हजारो किलोमीटर लांब. कालव्यांना नावंसुद्धा होती. आता कालवे आहेत म्हटल्यावर ते खणणारे नकोत का?

पृथ्वीबाहेर जीव आहेत का, यावर माणसं फार पूर्वीपासून वाद घालत आली आहेत. पण त्यातलं सगळ्यात रंगलेलं भांडण झालं ते या कालव्यांवरून, आणि ते थोडंथोडकं नाही, जवळजवळ नव्वद वर्षं चाललं.

सुरुवात झाली १८७७ मध्ये. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळाला ६८७ दिवस लागतात. त्यामुळे साधारण दर सव्वीस महिन्यांनी आपण मंगळाला गाठतो आणि सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रांगेत येतात. याला म्हणतात प्रतियुती. मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे, म्हणून दर प्रतियुतीला तो सारखाच जवळ नसतो. पंधरा ते सतरा वर्षांनी एकदा मात्र तो खूपच जवळ येतो. १८७७ ची प्रतियुती तशी होती. जगभरचे दुर्बीणवाले डोळ्यांत तेल घालून बसले होते. अमेरिकेत आसाफ हॉल यांना त्या ऑगस्टमध्ये मंगळाचे दोन चंद्र सापडले. आणि इटलीत, मिलान शहरातल्या ब्रेरा वेधशाळेत, जोव्हानी शियापरेली यांना मंगळावर रेषा दिसल्या.

शियापरेलींच्या दुर्बिणीचं भिंग २२ सेंटिमीटरचं होतं. त्यातून मंगळ पाहणं म्हणजे काय दिव्य होतं ते आधी समजून घ्या. मंगळ अगदी जवळ आला तरी आकाशात केवढा दिसतो? दहा रुपयांचं नाणं दोनशे मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढा. दुर्बीण त्याला मोठं करून दाखवते, पण मध्ये आपल्या पृथ्वीची हवा असते आणि ती एक क्षण स्वस्थ बसत नाही. बिंब सारखं थरथरत असतं. मध्येच कधीतरी हवा शांत होते, क्षणभर सगळं लख्ख दिसतं, की लगेच पुन्हा थरथर सुरू. त्या क्षणात जे दिसलं ते डोक्यात धरून ठेवायचं आणि मंद उजेडात पेन्सिलीनं कागदावर उतरवायचं. शियापरेलींनी असे कित्येक क्षण गोळा करून नकाशा तयार केला, तेव्हा त्यात रेषांचं जाळं उमटलं. पुढच्या प्रतियुतींना तर काही रेषांच्या शेजारी दुसरी समांतर रेषाही दिसू लागली.

ते स्वतः जपून बोलणारे होते. या रेषा निसर्गानंच केल्या असतील, असं ते म्हणत. पण बातमी देशोदेशी फिरता फिरता त्या रेषांचे कालवे झाले. यात नवल नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. मुंबईहून युरोपला निघालेल्या जहाजांचा आफ्रिकेला घालावा लागणारा भलामोठा वळसा त्यामुळे वाचला. कालवा म्हणजे माणसाच्या हुशारीची कमाल, असं वाटण्याचे ते दिवस होते. मग मंगळावरच्या मंडळींनी का मागे राहावं?

आता या गोष्टीत येतात पर्सिव्हल लॉवेल. बोस्टनच्या गडगंज घराण्यातले, लिहिण्याबोलण्यात पटाईत, जपान आणि कोरिया हिंडून आलेले. मंगळानं त्यांना असं काही झपाटलं की त्यांनी १८९४ मध्ये स्वतःच्या पैशांनी वेधशाळाच बांधली. तीही घराजवळ नाही, तर लांब ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावाजवळच्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंच. का? तर तिथली हवा विरळ, कोरडी आणि स्वच्छ. वेधशाळेची जागा हवा पाहून निवडायची, ही गोष्ट त्या काळात नवीनच होती. आज डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी डोंगरांवर असतात, त्यामुळे याचं श्रेय लॉवेलना द्यायलाच हवं.

लॉवेलना तिथून शेकडो कालवे दिसले. जिथे कालवे एकमेकांना छेदतात तिथे काळे ठिपके दिसले. ती म्हणे मरूद्यानं! मग त्यांनी सगळी गोष्ट जुळवली. मंगळ हा म्हातारा ग्रह आहे, तो सुकत चालला आहे. पाणी उरलंय ते फक्त दोन्ही ध्रुवांवरच्या बर्फात. उन्हाळ्यात ते बर्फ वितळतं. मंगळवासी ते पाणी कालव्यांनी विषुववृत्तापर्यंत आणतात आणि शेती पिकवतात. आपल्याला दिसतात ते कालवे नव्हेत, तर त्यांच्या दोन्ही काठांवरचे हिरवे पट्टे. आणि अख्ख्या ग्रहावर एवढं मोठं काम करायचं तर सगळ्यांनी मिळूनमिसळूनच राहायला हवं, म्हणजे तिथे लढायाही होत नसणार!

काय झकास गोष्ट आहे, नाही? ध्रुवांवरचं बर्फ तर खरंच आहे. ऋतूंप्रमाणे मंगळावरच्या काळपट भागांचा रंग बदलताना दिसतो हेही खरं आहे, फक्त तो बदल धुळीच्या वादळांमुळे होतो, शेतीमुळे नाही. लॉवेल यांची पुस्तकं धडाधड खपली. १८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांनी मंगळावरून पृथ्वीवर स्वारी होते अशी कादंबरी लिहिली, तेव्हा वाचकांना ती अगदीच अशक्य वाटली नाही.

पण एक भानगड होती. लॉवेलना जे कालवे दिसत, ते इतर कितीतरी निरीक्षकांना दिसतच नसत. ते म्हणत, “कुठे आहेत कालवे?” लॉवेल म्हणत, “तुमची हवा वाईट आहे.” आता करायचं काय? दोघंही डोळ्यांनीच पाहतायत. कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा?

इथे एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी नामी युक्ती काढली. ते लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत काम करत. त्यांना वाटलं, मंगळ तपासायच्या आधी आपण डोळेच तपासू या. वेधशाळेजवळच मुलांची एक शाळा होती, रॉयल हॉस्पिटल स्कूल. तिथले मुख्याध्यापक इव्हान्स यांना हाताशी धरून माँडर यांनी प्रयोग केला. साल १९०३. एका कागदावर मंगळासारखं गोल बिंब काढलं. त्यावर थोडे वेडेवाकडे ठिपके, थोडे काळपट डाग. कालवा एकही नाही. कागद वर्गात समोर लावला आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांना सांगितलं, दिसतंय तसं काढा. हे चित्र कशाचं, त्यात काय दिसायला हवं, यातलं एक अक्षर त्यांना सांगितलं नव्हतं.

पुढच्या बाकांवरच्या मुलांनी ठिपके काढले, अगदी जसेच्या तसे. पार मागच्या मुलांना नुसतं गोल बिंब आणि अंधूक डाग दिसले. आणि मधल्या मुलांनी? मधल्या बाकांवरच्या कित्येक मुलांनी चक्क सरळ रेषा काढल्या!

म्हणजे झालं काय होतं? ठिपके धड दिसत नाहीत आणि अगदीच दिसत नाहीत असंही नाही, अशा अंतरावर आपला डोळा आणि मेंदू मिळून ते ठिपके जोडून टाकतात. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना रेषा खरोखर दिसत होत्या. तसं पाहिलं तर लॉवेलही खोटं बोलत नव्हते. ते मंगळापासून नेमके ‘मधल्या बाकावर’ बसले होते, एवढंच.

लॉवेलना हे पटलं का? छे! पोरांच्या चित्रांवरून मंगळाचा निकाल लावता का, म्हणून त्यांनी या प्रयोगाची टर उडवली. फ्रान्समध्ये फ्लामारियों नावाचे खगोलशास्त्रज्ञ लॉवेल यांच्या बाजूचे होते. त्यांनी फ्रेंच मुलांवर हाच प्रयोग केला, तर त्या मुलांनी रेषा काढल्याच नाहीत. झालं, वाद पुन्हा जिथल्या तिथे. तरीही मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतले खरे हिरो म्हणजे ग्रिनिचची ती मुलं. मोठी माणसं ‘मंगळावर काय आहे’ यावरून हमरीतुमरीवर आली होती, तेव्हा त्यांनी काहीही न ठरवता नुसतं दिसलं ते काढलं.

लॉवेल यांच्या डोळ्यांची आणखी एक गंमत आहे. शुक्रावर त्यांना मधून बाहेर जाणारे आरे दिसले होते. शुक्र तर कायम ढगांनी झाकलेला, तिथे आरे कुठून येणार? शुक्राचा लखलखाट कमी करायला ते दुर्बिणीचं तोंड बरंच बारीक करत. अशा वेळी दुर्बीण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या यंत्रासारखी वागते आणि पाहणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसते, असं पुढे काही अभ्यासकांनी सुचवलं. पटतंय ना? माणूस बघायला गेला शुक्र आणि बघून आला स्वतःचा डोळा!

१९०७ मध्ये ८४ वर्षांचे एक आजोबा या वादात उतरले. साधेसुधे आजोबा नव्हेत बरं का, ते होते आल्फ्रेड रसेल वॉलेस. उत्क्रांती कशी होते हे डार्विन यांच्याबरोबरच ज्यांनी ओळखलं, तेच. त्यांनी दुर्बिणीला हात न लावता हिशेब मांडला. मंगळ सूर्यापासून एवढा लांब, हवा एवढी विरळ, म्हणजे तिथे थंडी केवढी असेल? पाणी गोठून जाईल. चुकून वितळलंच, तर उघड्या कालव्यातून हजारो किलोमीटर जाईपर्यंत उडून जाईल. असे कालवे खणणारे हुशार नव्हे, ठार वेडे म्हणावे लागतील! दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९०९ मध्ये, पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेत युजेन आंतोनियादी यांनी ८३ सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. हवा कधी नव्हे एवढी शांत होती. त्यांना बारीकसारीक डाग आणि छटा भरपूर दिसल्या. कालवे नाहीसे झाले होते. एके काळी स्वतः मंगळावर रेषा काढणारा हा माणूस त्यानंतर कालव्यांचा कट्टर विरोधक झाला.

बहुतेक शास्त्रज्ञांच्या मनातून कालवे इथेच पुसले गेले. लोकांच्या मनातून मात्र नाही. १९२४ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पुन्हा खूप जवळ आला, तेव्हा अमेरिकेच्या नौदलानं आपल्या रेडिओ केंद्रांना कान देऊन ऐकायला सांगितलं. न जाणो, मंगळवासी काही बोलले तर! सांकेतिक भाषा उलगडणारे एक तज्ज्ञही तयारीत बसले होते. मंगळ काही बोलला नाही.

शेवटी निकाल लागला १५ जुलै १९६५ च्या सुमारास. अमेरिकेचं मरिनर-४ हे यान मंगळापासून दहा हजार किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावरून गेलं आणि त्यानं बावीस चित्रं टिपली, शेवटचं अर्धवट. प्रत्येक चित्रात २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० चौकोनी ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी एक आकडा, ० ते ६३ मधला, म्हणजे सहा बिट. आणि यान माहिती पाठवणार सेकंदाला सव्वाआठ बिटच्या आसपास. घ्या पेन्सिल, करा गणित: एक चित्र यायला किती वेळ? साधारण आठ तास! आज तुमच्या आईच्या मोबाइलवर एक फोटो येतो तेवढ्या वेळात मरिनरचे मोजके ठिपकेच आले असते.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरना तर दम धरवेना. यंत्रातून चित्र तयार होऊन यायला उशीर, पण आकडे मात्र कागदी पट्ट्यांवर छापून येत होते. त्यांनी काय करावं? दुकानातून रंगीत खडू आणले, आकड्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर टाचल्या, कोणत्या आकड्यांना कोणता रंग ते ठरवलं आणि तुम्ही आकडे बघून चित्र रंगवता तसं मंगळाचं चित्र रंगवायला बसले! पिवळा, तांबूस, तपकिरी. अवकाशातून आलेलं मंगळाचं हे पहिलं जवळचं चित्र हातानं रंगवलेलं आहे, आणि ते तिथे अजून जपून ठेवलंय.

पुढच्या चित्रांत काय होतं? विवरं. चंद्रावर असतात तशी, उल्कापाताच्या तडाख्यांची. कालवा नाही, शेत नाही, गाव नाही. हवेचा दाब तर आपल्या इथल्या दाबाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी निघाला. वॉलेस आजोबांचा हिशेब बरोबर होता. लॉवेल १९१६ मध्येच वारले होते, त्यांना हे बघावं लागलं नाही. त्यांनी बांधलेल्या वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटो सापडला, हे मात्र आवर्जून लक्षात ठेवा.

मग वाद संपला? कालव्यांचा संपला. जीवांचा नाही! आता प्रश्न एवढाच उरला की मंगळवासी नसले तर नसोत, निदान जिवाणू? १९७६ मध्ये व्हायकिंग नावाची दोन यानं मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मंगळाच्या मातीवर पातळ खाऊ टाकायचा होता. त्या खाऊत खुणेचा, म्हणजे किरणोत्सारी, कार्बन होता. मातीतल्या कुणी खाऊ खाल्ला, तर त्यानं सोडलेल्या वायूत तो कार्बन सापडणार. आणि वायू आला की! दोन्ही यानांत आला! पण दुसऱ्या उपकरणानं तीच माती तापवून पाहिली, तर तिच्यात सजीवांच्या शरीरात असतात तसे कार्बनी पदार्थच सापडेनात. खाणारा आहे, पण त्याला अंगच नाही, असं कसं होईल? म्हणून बहुतेकांनी ठरवलं की हा मातीतल्या रसायनांचा खेळ. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाची रसायनं सापडली. ती तापवली की कार्बनी पदार्थ जाळून टाकतात. म्हणजे ते दुसरं उपकरणच आपला पुरावा जाळत होतं की काय? लेव्हिन २०२१ मध्ये वारले, शेवटपर्यंत म्हणत होते की आम्हाला जीव सापडला होता.

पृथ्वीबाहेरच्या जीवांच्या या वादात आपल्या कोल्हापूरचे एक शास्त्रज्ञही उतरले होते. ओळखलंत? जयंत नारळीकर! त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल आणि हॉइल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं असं की जीवांची बीजं धूमकेतूंबरोबर अवकाशातून पृथ्वीवर येत असतात. बहुतेक शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हैदराबादहून भलेमोठे फुगे सोडले, २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत त्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली. त्या हवेत जिवाणू सापडले, त्यांतल्या तीन जाती तर अगदी नव्या. एकीला हॉइल यांच्यावरून नाव मिळालं, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसरीला इस्रोवरून, तिसरीला आर्यभटावरून. पण ते जिवाणू वरून खाली आले की खालून वर गेले? इस्रोनं तेव्हाच स्पष्ट सांगितलं की ते अवकाशातून आले असं यावरून सिद्ध होत नाही. नव्या जाती सापडल्या, उत्तर नाही सापडलं.

अलीकडची बातमीही सांगतो. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स गाडीला २०२४ मध्ये एका खडकावर काळ्या कडांचे छोटे छोटे ठिपके दिसले. हो, पुन्हा ठिपकेच! असे ठिपके पृथ्वीवर जिवाणूंमुळेही पडू शकतात आणि नुसत्या रसायनांमुळेही. गाडीनं त्या खडकाचा तुकडा नळीत भरून ठेवलाय. तो इथे आणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पक्कं काही सांगता येणार नाही.

आणि आपल्या शियापरेलींचं काय झालं? त्यांचं नाव दिलेलं एक युरोपियन यान १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ संदेश पृथ्वीवर कुठे ऐकला जात होता, माहीत आहे? जुन्नर तालुक्यात! नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची, तिथे. संदेश नीट येत होता आणि उतरायला मिनिटभरही उरलं नसताना तो बंद पडला. यानाच्या संगणकाचा हिशेब चुकला होता. यान जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंच होतं आणि संगणकाला वाटलं, आपण पोचलोसुद्धा! यान मंगळावर आदळून फुटलं.

आता तुमच्यासाठी काम. माँडर यांचा प्रयोग तुमच्या वर्गात करून बघा. पांढऱ्या कागदावर वाटीएवढं वर्तुळ काढा, आत काळ्या पेनानं वेडेवाकडे ठिपके द्या, रेष मात्र एकही नको. कागद फळ्यावर लावा आणि बाकीच्यांना काहीही न सांगता ‘दिसतंय तसं काढा’ म्हणा. वर्ग छोटा पडला तर व्हरांड्यात जा. चित्रं गोळा केलीत की प्रत्येकावर अंतर लिहा आणि कोणत्या अंतरावर रेषा दिसू लागल्या ते आम्हाला जरूर कळवा. आणि एक तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: १५ सप्टेंबर २०३५. त्या दिवशीच्या प्रतियुतीला मंगळ जवळजवळ १८७७ इतकाच जवळ येणार आहे.